रिमोट ड्रायव्हरने चालवायचे मालवाहू ट्रक: कायदा काय मागतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रक महामार्गावर आणि ड्रायव्हर कित्येक किलोमीटर लांबच्या एका खोलीत, पडद्यांसमोर. हे तंत्र आता प्रयोगशाळेबाहेर आलं आहे आणि मालवाहतुकीतले लोक पहिला प्रश्न विचारतात तो परवानगीचा. मालवाहतुकीतली कागदपत्रं आणि सुरक्षा हे माझं रोजचं काम. त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे सारखे येतात. उत्तरं देताना एक गोष्ट मी कायम समोर ठेवतो. केबिनमधला ड्रायव्हर दिवसभरात वीस-पंचवीस कामं करतो, स्टेअरिंग हे त्यातलं एक. ड्रायव्हर केबिनमधून उतरला तरी ती बाकीची कामं कायद्याच्या वहीतून पुसली जात नाहीत. प्रत्येक कामापुढे कुणाचं तरी नाव लागावंच लागतं.

रिमोट ड्रायव्हिंग आणि स्वयंचलित ट्रक, दोन्ही एकच ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. रिमोट ड्रायव्हिंगमध्ये गाडी माणूसच चालवतो. कॅमेऱ्यांचं चित्र त्याच्या पडद्यावर येतं, तो स्टेअरिंग फिरवतो, पेडल दाबतो आणि ते आदेश मोबाइल नेटवर्कवरून ट्रकपर्यंत जातात. स्वयंचलित ट्रकमध्ये हे निर्णय यंत्रणा घेते.

या दोहोंच्या मधे आणखी दोन भूमिका आहेत. एक रिमोट सहायकाची. स्वयंचलित ट्रक कुठे अडला, समजा पुढे एक टेम्पो बंद पडला आहे, तर सहायक पडद्यावर बघून सांगतो की डावीकडून वळसा घ्यायला हरकत नाही. वळसा घेते यंत्रणाच. सहायकाच्या हातात स्टेअरिंग नसतं. दुसरी भूमिका देखरेखीची. जर्मनीने २०२१ मध्ये स्वयंचलित वाहनांसाठी जो कायदा केला त्यात ‘तांत्रिक देखरेख’ करणारी व्यक्ती आहे. ती गाडी थांबवू शकते, यंत्रणेने सुचवलेली हालचाल मंजूर करू शकते, पण ती ड्रायव्हर नाही. वाहनांच्या स्वयंचलनाच्या पातळ्या ठरवणारं एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे-३०१६ हे मानकही रिमोट ड्रायव्हिंग आणि रिमोट साहाय्य वेगळं धरतं.

अर्ज लिहिताना हे शब्द सैल वापरू नका. ‘आमचा माणूस दुरून मदत करतो’ असं लिहिलं आणि प्रत्यक्षात तो स्टेअरिंग फिरवत असेल, तर तुम्ही परवानगी एका गोष्टीची घेतली आणि केली दुसरी. अपघातानंतर वकील हाच कागद पहिल्यांदा उघडतो.

केबिन रिकामी असेल तर कायद्याच्या नजरेत ड्रायव्हर कोण?

खोलीत बसून गाडी चालवणारा माणूस. बहुतेक ठिकाणी उत्तर इतकं सरळ आहे. अमेरिकेच्या संघीय नियमांत ‘कोणतंही व्यावसायिक वाहन चालवणारी व्यक्ती’ म्हणजे ड्रायव्हर. ती व्यक्ती केबिनमध्येच बसलेली असावी असं त्या व्याख्येत म्हटलेलं नाही.

अडचण जुन्या कायद्यांच्या शब्दांत आहे. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक कराराच्या आठव्या कलमानुसार प्रत्येक चालत्या वाहनाला ड्रायव्हर हवा आणि त्याचा वाहनावर सतत ताबा हवा. स्वयंचलित वाहनांसाठी या करारात ‘३४ बिस’ हे नवं कलम जोडलं गेलं आणि ते १४ जुलै २०२२ पासून लागू झालं. त्यानुसार काही अटींवर स्वयंचलित यंत्रणा असली की ड्रायव्हरची अट पूर्ण झाली असं मानता येतं. मात्र रिमोट ड्रायव्हिंगमध्ये यंत्रणा नव्हे, माणूस चालवतो. त्यामुळे या कलमाचा आधार आपल्याला मिळत नाही. आपल्याला दाखवावं लागतं ते आठव्या कलमातलं: ड्रायव्हर आहे आणि त्याचा ताबा खरा आहे.

ब्रिटनच्या १९८६ च्या वाहनबांधणी व वापर नियमांतही अशीच अट आहे. ड्रायव्हर ज्या स्थितीत बसला आहे तिथून त्याला वाहनावर योग्य ताबा ठेवता आला पाहिजे आणि रस्ता व वाहतूक पूर्ण दिसली पाहिजे. पडद्यावर दिसणं म्हणजे ‘पूर्ण दिसणं’ का? सगळा वाद या एका प्रश्नाभोवती फिरतो. माझ्या मते तो रास्तच वाद आहे.

गाडीबाहेर उभं राहून गाडी हलवण्याला मात्र कायद्याने आधीच थोडी वाट दिलेली आहे. स्टेअरिंगविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ७९ क्रमांकाच्या नियमात रिमोटने पार्किंग करण्याची तरतूद आहे, आणि माणूस वाहनापासून जास्तीत जास्त ६ मीटरवर असावा अशी तिची मर्यादा आहे. ६ मीटरवरून शेकडो किलोमीटरवर जाताना कायदा दबकतो, यात नवल नाही.

मग आज सार्वजनिक रस्त्यावर हे कुठे चालतं?

जर्मनीने यासाठी स्वतंत्र नियमावलीच केली. ती १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिची मुदत सुरुवातीला पाच वर्षांची आहे. गाडीला मान्यता हवी, ती कोणत्या भागात चालणार त्या भागाला वेगळी मान्यता हवी, आणि खोलीतला माणूस हाच वाहनचालक मानला जातो. ‘अख्ख्या देशात कुठेही’ अशी परवानगी तिथे नाही, हे नीट ध्यानात घ्या.

ब्रिटनमध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या कायदा आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारला रिमोट ड्रायव्हिंगवर सल्ला दिला. नजरेच्या टप्प्याबाहेरून गाडी चालवायची तर आधी मंजुरी घ्यावी, मंजुरीविना त्याला मनाई असावी, असा त्याचा रोख होता. तिथला २०२४ चा कायदा हा मुख्यतः स्वयंचलित वाहनांसाठी आहे. चाचण्यांसाठीच्या तिथल्या आचारसंहितेत मात्र ‘वाहनात किंवा वाहनाबाहेर’ असलेला, ताबा घ्यायला सज्ज, सक्षम आणि तयार असा ड्रायव्हर किंवा ऑपरेटर चालतो.

अमेरिकेत दोन मजले आहेत. लायसन्स, कामाचे तास, तपासणी हे आंतरराज्य मालवाहतुकीत संघीय नियमांनी ठरतं. माणसाशिवाय गाडी रस्त्यावर आणायची का, हे राज्य ठरवतं. फ्लोरिडात स्टार्स्की रोबोटिक्स या कंपनीने जून २०१९ मध्ये केबिनमध्ये कुणीही नसलेला ट्रक टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, ९.४ मैल, म्हणजे साधारण १५ किलोमीटर चालवला. बहुतेक प्रवास यंत्रणेने केला आणि थोड्या अंतरापुरता रिमोट ड्रायव्हरने ताबा घेतला. ती कंपनी पुढच्याच वर्षी बंद झाली.

जपानने १ एप्रिल २०२३ पासून चौथ्या पातळीच्या, म्हणजे ठरलेल्या परिस्थितीत माणसाशिवाय चालणाऱ्या, स्वयंचलित वाहतुकीला परवाना पद्धत सुरू केली, त्यात दुरून लक्ष ठेवणाऱ्याची जागा आहे. भारताच्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ‘२ ख’ संशोधन आणि नव्या तंत्रासाठी काही वाहनांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला देतं. सूट मिळणं आणि नियमित धंद्याचा परवाना मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खासगी जागेत चालवायला परवानगी लागते का?

खाण, बंदर, कारखान्याचं आवार अशा कुंपणातल्या जागेत रस्ते वाहतुकीचा कायदा सहसा लागत नाही, पण कामगारांच्या सुरक्षेचा, खाणींचा, बंदरांचा कायदा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात लोहखनिजाचे प्रचंड डंपर ड्रायव्हरशिवाय चालतात ते याच वाटेने. फक्त दोन आवारांमधला सार्वजनिक रस्ता पन्नास मीटर जरी ओलांडायचा असेल, तरी तेवढ्या पन्नास मीटरसाठी सगळा कायदा लागू होतो.

रिमोट ड्रायव्हरला कोणतं लायसन्स लागतं?

त्या ट्रकला केबिनमध्ये बसून चालवायला जे लागतं तेच. जोड-ट्रेलरचा ट्रक असेल तर युरोपात सीई वर्ग, अमेरिकेत २६,००१ पौंड किंवा त्याहून जास्त वजनमर्यादेच्या वाहनाला व्यावसायिक लायसन्स. युरोपात व्यावसायिक ड्रायव्हरला दर पाच वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. खुर्ची खोलीत आहे म्हणून त्यातून सुटका नाही. वैद्यकीय तपासणी तीच. दारूची मर्यादा तीच. अमेरिकेत व्यावसायिक वाहनासाठी ती रक्तात ०.०४ टक्के आहे.

व्हिडिओ गेम उत्तम खेळणारी मुलं ही नोकरी करू शकतील का, असं काहीजण मनापासून विचारतात. पडद्याची सवय उपयोगी पडते, हे खरं. पण चाळीस टन वजन उतारावर कसं ढकलतं, ओल्या रस्त्यावर ट्रेलर कसा सरकतो, हे ज्याने अंगाने अनुभवलेलं नाही त्याला पडद्यावर ते दिसणारच नाही. एका बंदिस्त आवारात मी स्वतः अशा खुर्चीत बसलो होतो. ट्रक एका खड्ड्यातून गेला. पडद्यावर क्षितिज किंचित हललं, एवढंच. केबिनमध्ये असतो तर कंबरेला दणका बसला असता आणि पाय आपोआप ब्रेककडे गेला असता. खुर्चीत पाय जागचा हलला नाही. म्हणून या कामाला रस्त्यावरचा अनुभव आधी हवा आणि खुर्चीचं वेगळं प्रशिक्षण नंतर हवं. त्या प्रशिक्षणाची नोंद ठेवा: किती तास, कोणत्या ट्रकवर, नेटवर्क तुटण्याचा सराव किती वेळा.

दुसऱ्या देशात बसून ट्रक चालवता येईल का?

मजुरी स्वस्त असलेल्या देशात कंट्रोल रूम काढावी, हा विचार अनेकांच्या डोक्यात येतो. कायदा मात्र याला सगळ्यात कडक विरोध करतो. ब्रिटनच्या कायदा आयोगाने परदेशातून गाडी चालवण्यावर बंदी घालावी असं सुचवलं. फ्लोरिडाच्या कायद्यात रिमोट ऑपरेटर प्रत्यक्ष अमेरिकेत हजर असावा आणि त्याच्याकडे अमेरिकेतलं लायसन्स असावं अशी अट आहे.

कारण समजायला सोपं आहे. अपघात झाला, कुणी जिवानिशी गेलं, तर पोलिसांनी जबाब कुणाचा घ्यायचा? श्वासाची चाचणी कुठे करायची? समन्स कोणत्या पत्त्यावर पाठवायचं? ज्या कोर्टाच्या हद्दीत ट्रक आहे त्या कोर्टाचा हात ड्रायव्हरपर्यंत पोचलाच पाहिजे.

कामाच्या तासांचं काय? तो तर खुर्चीतच बसलेला असतो.

खुर्चीत बसून माणूस कमी थकतो हा समज सोडून द्या. शरीराला धक्के बसत नाहीत, पण डोळ्यांना आणि लक्षाला जास्त ताण पडतो.

युरोपात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती, दिवसाला ९ तास (आठवड्यातून दोनदा १०), आठवड्याला ५६ आणि सलग दोन आठवड्यांत ९० तास ही मर्यादा आहे. अमेरिकेत माल वाहणाऱ्याला सलग १० तास विश्रांतीनंतर १४ तासांच्या पट्ट्यात ११ तास चालवता येतं आणि ८ तास चालवल्यावर अर्ध्या तासाचा खंड लागतो. रिमोट ड्रायव्हर हा ड्रायव्हर मानला की हे तास त्यालाही लागतात.

खरी गोम मोजण्यात आहे. तासांची नोंद ठेवणारं यंत्र ट्रकमध्ये बसवलेलं असतं. आता एका माणसाने सकाळी एक ट्रक तीन तास, दुपारी दुसरा चार तास आणि संध्याकाळी तिसरा चार तास चालवला. तिन्ही ट्रकची यंत्रं म्हणतील, सगळं मर्यादेत आहे. माणूस मात्र ११ तास चालवून बसला. म्हणून नोंद माणसामागे हवी, खुर्चीत लॉग-इन केल्यापासून. मी तर पडद्यासमोरच्या सलग वेळेवर कायद्याहून कडक मर्यादा घालायला सांगतो. दोन तासांनी उठायचं, आणि उठायच्या वेळी बदली ड्रायव्हर आधीच शेजारी बसलेला हवा. ट्रक रस्त्यावर असताना खुर्ची एक क्षणही रिकामी राहता कामा नये.

एक माणूस एकाच वेळी किती ट्रक चालवू शकतो?

एक. स्वयंचलित ट्रकवर देखरेख करताना एकापेक्षा जास्त ट्रक सांभाळण्याची मुभा काही नियमांत असते. स्टेअरिंग हातात असताना दुसऱ्या ट्रककडे बघणं म्हणजे पहिल्याचा ताबा सोडणं.

नेटवर्क किती चांगलं हवं?

ताशी ८० किलोमीटर वेगाने ट्रक एका सेकंदात २२ मीटर जातो. कॅमेऱ्यातलं चित्र पडद्यावर यायला आणि ब्रेकचा आदेश परत ट्रकपर्यंत जायला मिळून सेकंदाचा दहावा भाग लागला, तर सव्वादोन मीटर गेले. तीन दशांश सेकंद लागला तर पावणेसात मीटर, म्हणजे दीड मोटारीएवढं अंतर. माणसाला धोका कळून पाय हलायला जो वेळ लागतो तो याच्या वेगळा. म्हणून परवानगी देणारी यंत्रणा विचारते की उशीर जास्तीत जास्त किती, तो सतत मोजला जातो का, आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर ट्रक आपोआप काय करतो.

सरासरी उशीर सांगून भागत नाही. सरासरी छान असते आणि पुलाखाली, बोगद्याच्या तोंडाशी, गर्दीच्या वेळी एखादा क्षण सगळं अडकतं. मार्ग ठरवण्याआधी त्याच रस्त्यावर, वेगवेगळ्या वेळी, त्याच सिमकार्डांवर मोजमाप घ्या. किमान दोन वेगळ्या मोबाइल कंपन्यांची जोडणी ठेवा, आणि त्या दोघींचे टॉवर एकाच खांबावर तर नाहीत ना, हेही बघा. खांब एकच असला तर वीज गेल्यावर दोन्ही एकदम जातात.

जोडणी तुटल्यावर ट्रकने स्वतः सुरक्षित स्थितीत जायचं, ही अट जवळपास प्रत्येक नियमावलीच्या मुळाशी आहे. पण सुरक्षित स्थिती म्हणजे काय? जागच्या जागी ब्रेक लावून महामार्गाच्या मधल्या लेनमध्ये उभा राहिलेला ट्रक मागून येणाऱ्याच्या जिवावर उठतो. बाजूच्या पट्टीवर जाऊन थांबायचं तर ते यंत्रणेला एकटीला जमलं पाहिजे. ते जमत नसेल तर वेग आणि रस्ता असे निवडा की जागेवर थांबणंही सहन होईल. ताशी २० किलोमीटरने औद्योगिक वसाहतीत चालणं आणि ८० ने महामार्गावर चालणं यांना एकाच अर्जात बसवू नका.

ट्रकमध्ये कोणते बदल मान्य करून घ्यावे लागतात?

ब्रेक आणि स्टेअरिंगच्या मार्गात बाहेरचे आदेश घुसवले की ट्रकची मूळ मान्यता जशीच्या तशी राहत नाही. उत्पादकाशी बोलल्याशिवाय हे करू नका. वॉरंटी आणि मान्यता दोन्ही एकदम जातात. आरशांऐवजी कॅमेरे येतात, म्हणून कोणत्या बाजूला किती दिसतं याचा हिशेब द्यावा लागतो. ट्रकच्या डाव्या-उजव्या पुढच्या कोपऱ्यात सायकलस्वार लपतो ती जागा पडद्यावर दिसतेच, हे प्रत्यक्ष माणूस उभा करून दाखवा. लेन्सवर चिखल उडाला तर ती पुसणार कोण, याचंही उत्तर हवं.

आवाजही लागतो. रुग्णवाहिकेचा भोंगा, टायर फुटल्याचा आवाज, कुणीतरी मागून मारलेली हाक. मायक्रोफोनशिवायची कंट्रोल रूम बहिरी असते.

सायबर सुरक्षेसाठी संयुक्त राष्ट्रांचा १५५ क्रमांकाचा नियम आणि सॉफ्टवेअर बदलांसाठी १५६ क्रमांकाचा नियम आहे. ते मानणाऱ्या देशांत वाहन-उत्पादकाला दोन्ही पाळावे लागतात. ज्या ट्रकचं स्टेअरिंग नेटवर्कवरून फिरतं त्याच्या बाबतीत हा कागदी सोपस्कार समजू नका. केबिनच नसलेलं वाहन असेल तर गोष्ट आणखी वेगळी. स्वीडनच्या आइनराइड कंपनीच्या बिनकेबिनच्या वाहनाला २०२२ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडून सार्वजनिक रस्त्यावरच्या प्रयोगासाठी खास मंजुरी घ्यावी लागली.

निघण्याआधीची तपासणी कोण करणार? माल बांधलेले पट्टे कोण आवळणार?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेच्या नियमांनुसार ट्रक सुस्थितीत आहे याची खात्री निघण्याआधी ड्रायव्हरने करायची असते. माल नीट बांधला आहे का हे पहिल्या ५० मैलांच्या आत पुन्हा तपासायचं, आणि त्यानंतर दर ३ तासांनी किंवा १५० मैलांवर, जे आधी येईल तेव्हा. सीलबंद आणि न उघडण्याचा आदेश असलेल्या ट्रकला यातून सूट आहे.

५० मैलांची ही अट का आहे? गाडी हलली की माल बसतो. गठ्ठ्यांमधली हवा निघते, लाकडी फळ्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि सकाळी टणक आवळलेला पट्टा बोटाने दाबला तर आत जातो. अनुभवी ड्रायव्हर उतरतो, पट्ट्यावर थाप मारतो, आवाज ऐकतो. घट्ट पट्टा तारेसारखा वाजतो, सैल पट्टा बोदा वाजतो. मग तो रॅचेटचे दोन दात आणखी ओढतो, ताडपत्रीची दोरी बघतो, टायरला हात लावून बेअरिंग तापलंय का ते पाहतो. ही थाप पडद्यावरून मारता येत नाही.

उपाय तीन आहेत. सीलबंद कंटेनरच घ्यायचा. किंवा मार्गावर ठरलेल्या ठिकाणी प्रशिक्षित माणूस उभा करायचा. किंवा पट्ट्यांवर ताण मोजणारे सेन्सर बसवायचे आणि पट्टा सैल झाल्यावर जाऊन आवळणारं कोण, तेही ठरवायचं. तिन्हींत तपासणाऱ्याचं नाव, वेळ आणि सही लागते. ‘गोदामातली मुलं बघतात’ असं उत्तर देऊ नका.

अपघात झाला तर जबाबदार कोण?

रिमोट ड्रायव्हरची चूक असेल, समजा सिग्नल तोडला किंवा मोबाइल बघत होता, तर केबिनमधल्या ड्रायव्हरइतकाच तो गुन्हेगार. पण चित्र अडकलं, आदेश पोचला नाही, तर? ब्रिटनच्या कायदा आयोगाने इथे माणुसकीची भूमिका घेतली: जे त्याच्या हाताबाहेर आहे, जसं की जोडणीतला बिघाड, त्यासाठी रिमोट ड्रायव्हरवर खटला भरू नये. मला ही भूमिका पूर्ण पटते. पगारी ड्रायव्हरला पुढे करून बाकीच्यांनी हात झटकायचे, हे मालवाहतुकीत आधीच खूप होतं.

वाहनमालकाची आर्थिक जबाबदारी बहुतेक ठिकाणी राहतेच. जर्मनीत वाहन बाळगणाऱ्यावर चूक सिद्ध न होताही भरपाईची जबाबदारी येते. कंट्रोल रूम चालवणाऱ्या कंपनीकडे देखभाल, माणसांची संख्या, विश्रांती, नेटवर्कचा करार हे सगळं येतं. बिघाड उत्पादनातला असेल तर उत्पादक. युरोपीय संघाच्या २०२४ च्या उत्पादन-दायित्व निर्देशात सॉफ्टवेअरलाही उत्पादन धरलं आहे, आणि तो ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात आलेल्या उत्पादनांना लागतो.

ट्रक एकाचा, कंट्रोल रूम दुसऱ्याची, सॉफ्टवेअर तिसऱ्याचं आणि सिमकार्ड चौथ्याचं असेल, तर कुणाच्या चुकीला कोण भरणार हे करारात आधी लिहून घ्या.

विमा मिळतो का?

मिळतो, पण खरं सांगितलं तर. नेहमीची पॉलिसी घेऊन त्यात रिमोट ड्रायव्हिंगचा उल्लेख न करणं ही महागात पडणारी चूक आहे. थर्ड पार्टीबरोबर सायबर हल्ल्याने झालेलं नुकसान पॉलिसीत धरलंय की वगळलंय, ते शब्दन् शब्द वाचा.

मालाचं नुकसान झालं आणि कारण नेटवर्क असेल, तर वाहतूकदार सुटतो का?

त्यावर भिस्त ठेवू नका. रस्त्याने होणाऱ्या आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीसाठीच्या १९५६ च्या सीएमआर करारात वाहनातल्या दोषाचं कारण सांगून वाहतूकदाराला सुटता येत नाही. गाडीचं स्टेअरिंगच ज्या जोडणीवर चालतं ती जोडणी वाहनाचा भाग नाही, असा युक्तिवाद कोर्टात टिकवणं अवघड जाईल. या करारातली भरपाईची कमाल मर्यादा, १९७८ चा पूरक करार मानणाऱ्या देशांत, किलोमागे ८.३३ विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. बिल्टी कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक ठेवण्याची सोय २००८ च्या पूरक करारात आहे. केबिनमध्ये कागद दाखवायला कुणी नसताना तिचा मोठा आधार होतो.

रसायनं किंवा ज्वालाग्राही माल नेता येईल का?

सध्या नका नेऊ. धोकादायक मालाच्या एडीआर करारात ड्रायव्हरकडे खास प्रशिक्षणाचा दाखला लागतो, आणीबाणीच्या लेखी सूचना केबिनमध्ये हाताशी लागतात, अग्निशामक लागतो. हे सगळं कुणीतरी तिथे हजर आहे असं धरून लिहिलेलं आहे. गळती सुरू झाल्यावर पहिल्या दोन मिनिटांत जे करायचं असतं ते खोलीतून करता येत नाही.

कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग किती ठेवायचं आणि कुणाला दाखवायचं?

दोन कायदे इथे एकमेकांना ओढतात. अपघाताच्या तपासाला रेकॉर्डिंग हवं, आणि युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआरसारखे वैयक्तिक माहिती जपणारे कायदे म्हणतात की रस्त्यावरच्या लोकांचे चेहरे आणि नंबरप्लेट गरजेपेक्षा जास्त काळ ठेवू नका. मुदत ठरवा, ती लिहून ठेवा, आणि अपघात झाला की त्या वेळचं रेकॉर्डिंग आपोआप वेगळं कुलूपबंद होईल अशी सोय करा.

घड्याळं जुळवायला मात्र विसरू नका. एका चाचणीच्या पडताळणीत मी होतो. ट्रकची नोंद आणि कंट्रोल रूमची नोंद यांत चार सेकंदांचा फरक निघाला. ब्रेक आधी दाबला की जोडणी आधी तुटली, हे सांगता येईना. ड्रायव्हर तरुण होता आणि दोन दिवस झोपला नव्हता, कारण चूक आपलीच असं त्याच्या मनाने घेतलं होतं. शेवटी तिसऱ्या नोंदीवरून उलगडा झाला: त्याचा पाय वेळेवर पडला होता.

वाटेत पोलिसांनी किंवा परिवहन अधिकाऱ्याने थांबवलं तर?

ट्रकने थांबायचा इशारा ओळखला पाहिजे आणि थांबल्यावर अधिकाऱ्याला रिमोट ड्रायव्हरशी बोलता आलं पाहिजे. दारावर मोठ्या अक्षरांत फोन नंबर, स्पीकर-माइक, आणि ट्रक हलणार नाही याची खूण, म्हणजे ताबा बंद केल्याचा दिवा. त्या दिव्याशिवाय कोणता अधिकारी ट्रकखाली वाकेल? मार्गावरच्या पोलीस आणि अग्निशमन दलाला आधी बोलावून, वीज कुठून तोडायची, दार कसं उघडायचं, हे ट्रकजवळ उभं राहून दाखवा. पुस्तिका पाठवून हे काम होत नाही.

रात्री ट्रक बंद पडला तर नियमाप्रमाणे इशाऱ्याचे त्रिकोण रस्त्यावर कोण ठेवणार?

अमेरिकेत थांबलेल्या व्यावसायिक वाहनाच्या ड्रायव्हरने दहा मिनिटांत तीन इशारा-साधनं रस्त्यावर ठरलेल्या अंतरांवर मांडायची असतात. दहा मिनिटं. केबिनमध्ये माणूस असेल तर तो जॅकेट चढवतो, विजेरी घेतो, सीटमागचा लाल डबा काढतो आणि मागे चालत जातो. माणूस नसेल तर त्रिकोण डब्यातच राहतात. याच कारणाने अमेरिकेतल्या स्वयंचलित ट्रकच्या कंपन्यांनी केबिनवर लुकलुकणारे दिवे बसवून या नियमातून सूट मागितली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती विनंती फेटाळली गेली होती. त्यामुळे तुमच्या मार्गावर असा नियम असेल तर सूट हातात येईपर्यंत दोनच वाटा उरतात: ट्रकच्या मागे-पुढे दहा मिनिटांच्या आत पोचेल अशी सोबतीची गाडी ठेवा, किंवा केबिनमध्ये एक माणूस बसवा. तो स्टेअरिंगला हात लावणार नाही, पण त्याच्याजवळ विजेरी असेल आणि लाल डबा कुठे आहे ते त्याला माहीत असेल.